नीरामावशीची पडवी

अलिबागेत त्या काळी मुलींच्या शाळेतल्या छडीपेक्षा नीरामावशीच्या नजरेचा धाक जास्त होता. शाळेतल्या बाई छडी उगारायच्या, पण मारताना त्यांचा हात कचरायचा. नीरामावशीला छडीची गरजच नव्हती. ती मुलीच्या पायांकडे नुसती बघायची आणि विचारायची, "कुठं कुठं शिवून आलीस ग?" एवढं ऐकलं की मुलगी पुन्हा विहिरीवर पाय धुवायला पळायची.

नीराबाई मूळची चौलची. इन्फ्लुएन्झाच्या साथीत नवरा गेला तेव्हा ती विशीत होती. मूलबाळ नव्हतं. दिरांच्या घरी काही वर्षं भांडी घासली, मग नागावच्या दयारामभाऊंनी तिला अलिबागेस आणलं. दयारामभाऊ सुपारीचे व्यापारी. डोक्यावर खादीची टोपी आली तशी मनात सुधारणाही आली, आणि त्यांनी आपल्या अलिबागच्या घराच्या मागच्या भागात गावोगावच्या मुलींसाठी बोर्डिंग काढलं. मुलींनी तिथं राहायचं, शाळेत जायचं, सातवीची फायनल द्यायची आणि जमलं तर मास्तरीण व्हायचं. आता वयात आलेली पोर परक्या गावात ठेवायला कोण आईबाप तयार होणार? ते भाऊंच्या सुधारणेवर विसंबत नव्हते. ते विचारायचे, "नीराबाई आहे ना तिथं? मग पाठवतो."

हाच नीराबाईचा मान होता आणि हेच तिचं ओझं. सोवळं सांभाळायचं, विटाळ सांभाळायचा, पोरींची अब्रू सांभाळायची. मुलीची पाळी आली की तिनं मागच्या पडवीत जाऊन बसायचं. तिथं एक चटई, एक घोंगडी आणि जर्मनचा तांब्या वेगळा ठेवलेला असे. चार दिवस कोणाला शिवायचं नाही, शाळेत जायचं नाही आणि पुस्तकाला तर हातही लावायचा नाही, कारण विद्या म्हणजे सरस्वती. पाचव्या दिवशी डोक्यावरून पाणी घेतलं की पोर पुन्हा माणसांत. नीराबाईची स्वतःची वेळ आली की तीही तिथंच बसे. त्या दिवसांत स्वयंपाकाला शेजारची केसर येई आणि जाताना आपल्या घरासाठी भात-कालवण घेऊन जाई.

त्या वर्षीच्या मुली फायनलच्या होत्या. दिवाळी झाली आणि शाळेतल्या बाईंनी त्यांना सांगून टाकलं, "गाव तुमच्यावर हसायला टपलं आहे. नापास झालात तर पुढच्या मुलींची वाट बंद." झालं! पोरींनी त्याची धास्तीच घेतली. एका कंदिलाभोवती सगळ्या डोकी खुपसून बसत. डोळे मिटले की केसाला हिसका देऊन एकमेकींना जाग्या करत. कोंबड्याच्या आधी उठून पुन्हा नद्या, डोंगर आणि व्याजाची गणितं. पानावरचा भात तसाच राहायचा. नीराबाईला कौतुक वाटे. तेल जास्त जळतं म्हणून ती कुरकुरे तेवढीच.

मग माघात लोणच्याच्या मोठ्या बरणीला बुरा आला.

बरणीत ओली पळी कोणी बुडवली एवढं पाहिलं असतं तरी प्रकरण तिथंच मिटलं असतं. पण तसं साधं पाहील तर ती नीराबाई कसली! तिनं फडकं उचललं, आंबूस वास घेतला आणि तिची नजर थेट मागच्या पडवीकडे गेली. घोंगडी घडी घातलेली होती. तांब्या उपडा होता, आणि तांब्यावर धूळ होती. किती दिवसांत इथं कोणी बसलं नाही? तिनं आठवून पाहिलं. संक्रांतीच्या आधी एकदोघी बसल्या होत्या. पुढे कोणीच नाही.

तिच्या अंगावर सरसरून काटा आला. पोरी लपवत होत्या! लपवायला कारणही होतं. मागल्या वर्षी एका मुलीची भूमिती चार दिवस चुकली ती चुकलीच, आणि पोर नापास झाली. म्हणजे या बयांनी ठरवलं, की बसायचंच नाही. तशाच स्वयंपाकघरात वावरतात, देवाला हात जोडतात आणि लोणच्याच्या बरणीवर सावली पाडतात.

"साप साप म्हणून भुई धोपटणं" म्हणतात ते नीराबाईनं त्या महिन्यात करून दाखवलं. मागच्या दारात आडवं अंथरूण टाकून ती निजू लागली. निजू कसली, नुसती पडू लागली. पाटीचा आवाज झाला की उठे. दोरीवर काय वाळतंय, नहाणीघरात कोण किती वेळ आहे, सगळ्यावर डोळा. एकेकीला कोपऱ्यात घेऊन ती विचारी, "खरं सांग. देवाची शपथ घे." पोरी रडत, शपथा घेत आणि पुन्हा पुस्तकात तोंड घालत. ज्या एकदोघींची पाळी त्या महिन्यात यायची होती, त्यांचीही या धास्तीनं चुकली. पडवी रिकामी ती रिकामीच राहिली. आणि ती जितकी रिकामी राही तितका नीराबाईचा संशय वाढे.

शेवटी तिनं गोदूला धरलं. गोदू खारेपाटातली, मिठागरावर राबणाऱ्या बुधाजीची एकुलती एक. आई लहानपणीच गेलेली. सोळा वर्षांची पोर बिनलग्नाची ठेवली म्हणून बुधाजीला भावकीत बोलणी खावी लागत होती, पण तो एकच म्हणे, "पास होऊ दे, मंग बघू." त्याच्या गावात फायनलपर्यंत आलेली ही पहिलीच मुलगी.

"तू तरी खरं बोल, गोदू. कधी लपवलंस?"

गोदूच्या डोळ्यांखाली काळं झालं होतं. ती खाली बघून म्हणाली, "लपवू काय, मावशी? मला येतच न्हाय."

"येत नाही म्हणजे?"

"संक्रांतीच्या आधी आलं होतं. मंग न्हाईच आलं. मला पन भ्या वाटतं. कोनाला सांगू?"

नीराबाईनं तिच्या तोंडाकडे पाहिलं आणि पोर खरं बोलतेय हे तिला लख्ख कळलं. पण त्यानं तिला सुटल्यासारखं वाटलं नाही, उलट ती जास्तच धास्तावली. लपवलेला विटाळ एक वेळ धुता येतो. गोमूत्र शिंपडावं, डोक्यावरून पाणी घ्यावं. पण जो आलाच नाही तो धुवायचा कशानं? वयात आलेल्या मुलीचं दोन महिने चुकलं, तर बायका त्याचा एकच अर्थ काढतात. तोच अर्थ नीराबाईच्याही मनात आला, आणि तो तिनं पोटात ठेवला नाही. दुपारीच ती पुढच्या घरात भाऊंच्या बायकोकडे, सखुबाईंकडे गेली आणि कुजबुजत सगळं सांगून मोकळी झाली.

सखुबाईंनी शिवण बाजूला ठेवलं. "संक्रांतीला घरी गेली होती ना ती? परत कोण घेऊन आलं?"

"मावसभाऊ. रघू म्हणून आहे. छकडा घेऊन आला होता."

"बघा," एवढंच सखुबाई म्हणाल्या. त्या एका शब्दात गोदूची शाळा संपली. बुधाजीला निरोप गेला, की शनिवारी ये आणि मुलीला घेऊन जा. कारण कळवलं नाही. बोर्डिंगची अब्रू जपायची होती ना!

शनिवारी सकाळी नीराबाई विहिरीवर पाणी ओढत होती. पाठीमागून केसर आली. बोलू की नको असं करत उभी राहिली.

"नीराबाय, माज्यावर राग हाय का तुमचा?"

"राग कसला?"

"थंडीपासून बोलावनं न्हाय मला. म्हटलं, दुसरी कोन ठेवली काय सैपाकाला? माजं काय चुकलं आसंल तर सांगा."

नीराबाईचा हात दोरावरच थांबला. कळशी विहिरीत अर्ध्यावर लोंबकळत राहिली. ती केसरकडे बघत होती, पण तिला दिसत होतं ते पडवीतलं धुळीनं माखलेलं तांब्याचं बूड. पोरी बसल्या नाहीत हे तिला दिसलं होतं. आपणही बसलो नाही, हे तिला दिसलंच नव्हतं.

मधे एकदा मनात आलं होतं तिच्या, की बरं झालं, चुकलं. स्वयंपाकघर सोडून बाजूला बसलं असतं तर पोरींवर लक्ष कोणी ठेवलं असतं? देवच पाठीशी आहे. बस्स, एवढाच विचार, आणि पुन्हा दारात जागत पडायचं. वय म्हणावं तर ती चाळिशीलाही टेकली नव्हती. तिच्या आईचं पन्नाशीपर्यंत चालू होतं.

"राग नाही ग," ती कशीबशी म्हणाली. "बोलावते. लवकरच बोलावते."

केसर गेली आणि नीराबाई विहिरीच्या काठावर मटकन बसली. आता हीच गोष्ट केसर सहज बोलता बोलता सखुबाईंच्या कानावर घालेल. पंधरा वर्षं विधवा असलेली बाई, आणि दोन महिने बाजूला बसली नाही! गोदूकडे दाखवलेलं बोट वळून तिच्याकडे यायला कितीसा वेळ? खरं सांगायचं तर पहिल्यांदा तिच्या मनात गोदू आलीच नाही. आली ती पडवी. आजच जाऊन तिथं बसावं. खोटंच. कोण बघायला येतंय? केसरला स्वयंपाकाला बोलवावं, चार दिवस पडून राहावं, पाचव्या दिवशी न्हावं. सगळं बिनबोभाट मिटेल. तोवर गोदू खारेपाटात पोचलेली असेल.

घरातून पेटीचा आवाज आला. गोदू आपली पत्र्याची पेटी ओटीकडे ओढत नेत होती.

बुधाजी उन्हातून चालत आला होता. ओटीवर दयारामभाऊ झोपाळ्यावर बसले होते, दाराआड सखुबाई उभ्या होत्या. बुधाजी पायरीच्या खालीच बसला. भेट म्हणून त्यानं पांढऱ्याशुभ्र मिठाची पिशवी आणली होती, ती कुठं ठेवावी हे त्याला कळत नव्हतं.

"मुलीला घेऊन जा," दाराआडून सखुबाई म्हणाल्या. "कारण विचारू नका. तुमच्याच अब्रूला जपतोय आम्ही."

"पन केलं काय तिनं? चोरी केली काय?" बुधाजीनं भाऊंकडे पाहिलं. "परीक्षा तोंडावर हाय, भाऊ. माजी पोर तशी न्हाय."

"तशी" म्हणजे कशी, हे त्याला कोणी सांगितलं नव्हतं. तरी बापाला कळलं होतं. गोदू पेटीवर हात ठेवून भिंतीकडे तोंड करून उभी होती. भाऊ झोके घेत सुपारी कातरत होते. अशा गोष्टीत पुरुषानं पडायचं नसतं, तेव्हा त्यांची सुधारणा झोपाळ्यावरच बसून राहिली.

नीराबाई स्वयंपाकघराच्या दारात आली. हात ओले होते, ते पुसायचंही तिला सुचलं नव्हतं.

"वैनी, हिला का काढताय ते मोठ्यानं सांगा."

"नीराबाई, पुरुष बसलेत."

"बसू देत. गोदू संक्रांतीपासून बाजूला बसली नाही, म्हणूनच ना?" तिचा आवाज चिरकला, पण ती थांबली नाही. "मग मीही बसले नाही. संक्रांतीपासून मीही नाही बसले. केसरला विचारा, तिला बोलावणंच गेलेलं नाही. बांधू का माझीही पेटी?"

झोपाळ्याच्या कड्या करकरायच्या थांबल्या.

सखुबाईंचा चेहरा पांढरा पडला. "काय बोलताय तुम्ही हे? जनाची नाही तर मनाची..."

"मनाचीच बोलतेय. या दारातून मी पाऊल बाहेर टाकलेलं नाही, वैनी. रात्र रात्र पोरींवर पहारा देत बसले. आणि पोरी? त्यातली एकही बसलेली नाही, एकही! सगळ्यांनाच दिवस गेले म्हणाल काय? झोप नाही, धड जेवण नाही, वरून परीक्षेची धास्ती, आणि त्यावर माझी धास्ती. विहिरीचं पाणी खाली गेलं की आपण आधी वाडीचं शिंपण बंद करतो ना? प्यायला ठेवतो आणि झाडांना म्हणतो, थांबा जरा. देहानं तेच केलंय. आम्ही मेल्या त्याला पाप म्हणत बसलो. मीच म्हटलं. ही आग मीच लावली, वैनी, मीच तुमच्याकडे आले."

बुधाजीनं मान खाली घातली होती. नीराबाईला वाटत होतं, आता या क्षणी आपल्याला या घरातून काढतील आणि पुन्हा दिरांची भांडी.

सखुबाई बोलल्या. आवाज अगदी खाली आला होता. "सदाला विषमज्वर झाला होता तेव्हा..." आणि थांबल्या. सदा त्यांचा मुलगा. "त्याच्या उशाशी बसून काढलेले ते महिने. माझंही गेलं होतं. सासूबाईंनी तर ओटी भरायची तयारी चालवली होती. पोराचा ताप उतरला, मी झोपायला लागले आणि आपोआप आलं. विसरूनच गेले होते मी."

बायकांना हे ठाऊक असतंच. पण दुसरीच्या मुलीची वेळ आली की त्या नेमक्या विसरतात, हीच तर तऱ्हा आहे.

भाऊ खाकरले. "परीक्षा देऊ दे तिला," ते भिंतीकडे बघत म्हणाले. मग आणखी कोरड्या आवाजात, "नीराबाईंचं परीक्षा झाल्यावर पाहू. पुरुषांसमोर असलं बोलणं या घराला शोभत नाही."

बुधाजी उठला. मिठाची पिशवी त्यानं ओटीवर ठेवली नाही. तो वळसा घालून मागच्या दाराशी गेला आणि तिथं परत आलेल्या नीराबाईच्या पायांशी ती ठेवून चालू लागला.

त्या दिवसापासून बोर्डिंगचा कंदील लवकर विझू लागला. पण झोप काय हुकमानं येते? पोरी अंधारात डोळे टक्क उघडे ठेवून व्याज मोजत पडत. नीराबाईनं त्यांच्या टाळूवर तेल थापलं, ताटातला घास संपेपर्यंत समोरून हलली नाही. आणि मग तिला एक युक्ती सुचली. भरदुपारी एकेकीला ती म्हणू लागली, "जा, पडवीत बस."

"पण मावशी, माझं काही..."

"मी सांगते ना! जा."

साऱ्या घरात निवांत जागा तेवढी एकच होती. पडवीत बसलेल्या पोरीला कोणी काम सांगत नाही, हाक मारत नाही, धडा विचारत नाही. आणि पुस्तकाला हात लावायची चोरी! पोरी घोंगडीवर पडत आणि मेल्यासारख्या झोपत. विटाळाच्या नावाखाली नीराबाई झोप वाटत सुटली. जन्मभर जो नियम डोळ्यांत तेल घालून सांभाळला, तोच ती आता वाकवत होती, आणि मधूनच देवाकडे बघून कान पकडत होती. हळूहळू एकीचं खरंच आलं. मग दुसरीचं. गोदूचं मात्र आलं नाही. सखुबाई येता-जाता तिच्या पोटाकडे बघत. तोंडानं काही म्हणत नसत, पण त्यांच्या नजरेतून संशय पुरता गेला नव्हता.

परीक्षेचा शेवटचा दिवस उजाडला. पेपर गणिताचा. गोदू नहाणीघरातून धावतच आली, हसत, रडत.

"मावशी! आलं! मला आलं!"

नीराबाईनं तिला दोन्ही हातांनी धरलं. मग दोघींच्याही एकदमच लक्षात आलं आणि गोदूचा चेहरा उतरला. ती मागे सरली. ज्यानं तिची अब्रू धुऊन निघणार होती, त्यानंच तिची पाटी फुटणार होती. ओरडून सांगितलं तर नाव स्वच्छ आणि पेपर बुडाला. लपवलं तर पेपर, पण मग नीराबाई जे शोधत रात्रभर जागली होती तेच पाप, आणि तेही नीराबाईच्या देखत.

पुढच्या घरातून सखुबाईंची हाक आली. पेपराला जाणाऱ्या मुलींच्या हातावर घालायला त्या दही-साखर घेऊन येत होत्या.

"नीट बांधून घे," नीराबाई दबक्या आवाजात म्हणाली. "केस पूस. तुला काही झालेलं नाही."

"पन मावशी, इटाळ..."

"तो माझा. तुला धरलंय ना मी? मग झाला माझा. तू गणित कर."

सखुबाई आल्या. मुली ओळीनं उभ्या होत्या. नीराबाई पुढे झाली, "आणा वैनी, मी घालते."

"नाही, आज मीच घालणार," सखुबाई म्हणाल्या, "आणि आधी गोदूच्या हातावर." त्यांना बहुधा काहीतरी भरून काढायचं होतं. त्यांनी गोदूचा तळवा आपल्या हातात घेतला, त्यावर दही ठेवलं, मग तिच्या गालावरून हात फिरवला. नीराबाईनं डोळे गच्च मिटले. तिनं पुन्हा उघडले तेव्हा घर जागच्या जागी होतं, दही पांढरंच होतं आणि गोदू दारातून बाहेर पडत होती.

मुली वळणाआड गेल्या. मग नीराबाई सखुबाईंपासून दोन हात लांब सरकली.

"केसरला बोलवा, वैनी. मी बाजूला बसतेय."

सखुबाईंनी चमकून पाहिलं. त्यांच्या चेहऱ्यावरचा ताण सैल झाला, आणि नीराबाईला त्याचं हसूही आलं आणि रडूही. या घरात तिचं नाव स्वच्छ झालं ते एका खोट्या बसण्यानं. पण अगदीच खोटं कसं म्हणावं? विटाळशीला शिवली होती ती, आणि तसल्या हातांनी ती चुलीपाशी गेली नसती. तिनं घोंगडी उलगडली आणि भिंतीकडे तोंड करून आडवी झाली.

संध्याकाळी मुली परतल्या. गोदू मागच्या अंगणात आली आणि पुढच्या घरात ऐकू जाईल अशा खणखणीत आवाजात म्हणाली, "मला शिवू नका कोनी! मी बाजूला हाय." सखुबाई दारापर्यंत आल्या, तिच्याकडे बघत राहिल्या. आत जाऊन त्यांनी देवाजवळ दिवा लावला.

गोदू पडवीत शिरली. नीराबाई उताणी झोपली होती, तोंड उघडं, पदर घसरलेला, एक हात जमिनीवर टाकलेला. कित्येक महिन्यांत ती अशी झोपली नव्हती. भाऊ आपल्याला ठेवणार की काढणार, हेसुद्धा तिला त्या वेळी ठाऊक नव्हतं. गोदूनं आपली चटई तिच्या शेजारी टाकली.

दारात केसर वाढलेलं पान घेऊन उभी राहिली. "नीराबाय! ओ नीराबाय, जेवून घ्या."

गोदूनं ओठांवर बोट ठेवलं. "हाका नको मारूस, केसरमावशी. झोपू दे तिला."